पान्हा, विंचू आणि मेंदूतली गाठ

सकाळची धारेची वेळ. म्हैस दावणीला उभी आहे, कास भरून आली आहे. पण सड कितीही ओढा, चार थेंबांपलीकडे दूध नाही. मग रेडकू सोडावे. त्याने दोन ढुशा दिल्या, की मिनिटाभरात म्हैस पान्हावते आणि चरवीत फेस उभा राहतो. आमच्या नांदेड-लातूरकडच्या गोठ्यांत हा चमत्कार रोज पहाटे घडतो. आणि रोज घडतो म्हणूनच त्याला कुणी चमत्कार म्हणत नाही.

दूध तर कासेत आधीच होते. मग अडले कशाला? परवानगीला! सडाला रेडकाचे तोंड लागले, की त्याची वर्दी मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते. मेंदूच्या तळाशी लोंबणारी एक छोटीशी ग्रंथी रक्तात एक पदार्थ सोडते. तो रक्ताबरोबर वाहत कासेपर्यंत पोहोचतो आणि दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात. या पदार्थाचे नाव ऑक्सिटोसिन. बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून डॉक्टर जे इंजेक्शन देतात, ते हेच. नऊ अमिनो आम्लांची एक चिमुकली माळ! व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ती आपल्या प्रयोगशाळेत मणी मणी ओवून तयार केली, आणि १९५५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले.

अशा छोट्या माळांना पेप्टाइड म्हणतात. माळ लांबलचक झाली की तिला प्रोटीन म्हणायचे. दोहोंमधली हद्द काही तहसीलदाराने आखून दिलेली नाही. शरीर या माळांचा उपयोग निरोप धाडण्यासाठी करते. ज्या पेशीला निरोप पोहोचायचा, तिच्या अंगावर त्या निरोपापुरती एक खाच असते. माळ खाचेत बसली, की पेशी हुकूम मानते. खाच नसलेल्या पेशीच्या दारावरून तो निरोप हजारदा गेला, तरी तिला त्याचे काही नाही.

आता गंमत अशी, की निरोप नको असेल तर निरोप्याला मारण्याची जरुरी नाही. खाचेत दुसरेच काही बसवून ठेवावे. निरोप्या येतो, दार अडलेले पाहतो, निघून जातो. हे वाचून कुणाला ही परदेशी प्रयोगशाळेतली बात वाटेल, तर त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांचा औषधाचा डबा उघडून पाहावा. रक्तदाबासाठी लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन नावाची गोळी असेल, तर ती नेमके हेच काम करते. अँजिओटेन्सिन नावाची आठ मण्यांची माळ रक्तवाहिन्यांना 'आवळा' म्हणून सांगत असते. ही गोळी तिची खाच अडवून बसते. म्हणजे मराठवाड्यातल्या किती घरांत रोज सकाळी चहाबरोबर पेप्टाइडचा एक निरोप अडवला जातो, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

एवढे प्रास्ताविक करण्याचे कारण एक पत्र.

लातूर जिल्ह्यात, औशाकडच्या एका खेड्यातून ते आले. लिहिणारा या सदराचा जुना वाचक. त्याचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, चोपन्न वर्षांचे. सकाळी उठले की डोके ठणकायचे, उलटी व्हायची. पित्त म्हणून दोन महिने गेले. मग शब्द हरवू लागले. विळ्याला विळा म्हणेनात, 'ते वाकडं' म्हणू लागले. लातूरला तपासणी झाली, डोक्याची शस्त्रक्रिया झाली, आणि काढलेल्या गाठीच्या अहवालात एक शब्द आला : ग्लिओब्लास्टोमा. मेंदूतल्या गाठींत सर्वांत आडदांड. त्यानंतर सहा आठवडे किरणोपचार आणि त्यासोबत गोळ्या.

त्यांनी पत्राला एक कात्रण जोडले होते. मेंदूतल्या आक्रमक गाठीला वाढण्यासाठी पेप्टाइडचे निरोप लागतात, शास्त्रज्ञांनी ते अडवून दाखवले, गाठीची वाढ मंदावली, अशी बातमी. बातमी हाती आल्यावर कुणाच्या तरी ओळखीतून एका मोठ्या शहरातल्या गृहस्थाचा फोन नंबर मिळाला. 'पेप्टाइडचा कोर्स आमच्याकडे आहे,' असे तो म्हणाला. सहा इंजेक्शने, पैसे आगाऊ. 'सर, दोन एकर कोरडवाहू विकलं तर जमतंय,' असे या भावाने लिहिले होते, 'विकावं का? तुम्ही रसायन शिकवलंत, तुम्हाला यातलं कळतं.' आणि शेवटी, जणू सहज : 'अण्णाला आता म्हशीचं नाव आठवत नाही. पण त्याचा हात लागला की ती पान्हावते. बाकी कुणाला देत नाही.'

आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न आला, की 'डॉक्टरांना विचारा' एवढे लिहून लखोटा बंद करता येत नाही. कारण कात्रणातली बातमी खोटी नव्हती, आणि तो गृहस्थ खरा नव्हता. या दोहोंच्या मधली जागा दाखवणे हेच त्या पत्राचे उत्तर. आणि असे पत्र लिहिणारा हा एकटाच नसणार, म्हणून ते उत्तर इथे सविस्तर देतो.

प्रथम गाठ म्हणजे काय ते पाहू. मेंदूत विचार वाहणारे मज्जातंतू असतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्यांना ग्लिया म्हणतात. ग्रीक भाषेत ग्लिया म्हणजे सरस, डिंक. ग्लिओब्लास्टोमा ही या डिंकातून उठलेली गाठ. इतर कर्करोग यकृतात, फुप्फुसात, हाडांत पसरतात. ही बहुधा मेंदूबाहेर जातच नाही. तिला तिकडे जाण्याची गरजही नसते. काळ्या रानात हरळी कशी पसरते ते शेतकऱ्याला सांगायला नको. वर दिसणारा झुबका कुदळीने खणून काढला, तरी जमिनीखाली काड्या चार-चार हात पोहोचलेल्या असतात; बोटभर तुकडा राहिला तरी पुढच्या पावसाला रान पुन्हा हिरवे. ही गाठ तशीच. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी या सर्जनने १९२८ साली असे रुग्ण नोंदवले आहेत, की ज्यांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग त्याने सबंध काढून टाकला होता. डावी बाजू पूर्वीच लुळी पडलेली होती, म्हणून एवढे धाडस. तरीही गाठ उरलेल्या बाजूला परत उगवली! तेव्हापासून शहाण्या सर्जनांना हे ठाऊक आहे, की चाकू कितीही तीक्ष्ण असला तरी तो या रोगाच्या शेवटच्या काडीपर्यंत पोहोचत नाही.

काडी काढता येत नाही, तर तिचे पाणी तोडावे, हा विचार ओघानेच आला.

त्याची सुरुवात एका बेडकापासून झाली. इटलीतल्या व्हित्तोरियो एर्स्पामेर या औषधशास्त्रज्ञाला प्राण्यांच्या कातड्या गोळा करून त्यांचा अर्क तपासण्याचा नाद. युरोपातल्या बोम्बिना नावाच्या बेडकाच्या कातडीतून त्याच्या मंडळींना चौदा मण्यांची एक माळ सापडली. बेडकाच्याच नावावरून तिचे नाव पडले बॉम्बेसिन. पुढे १९७९ साली डुकराच्या जठरातून तिची सत्तावीस मण्यांची सस्तन बहीण मिळाली. माणसातही ती आहे. पोटातल्या पाचकरसांना चालना देणे हे तिचे सरळसाधे काम. परंतु १९८५ साली अमेरिकेत असे दिसून आले, की फुप्फुसाच्या एका कर्करोगाच्या पेशी हाच निरोप स्वतः तयार करतात, बाहेर सोडतात आणि स्वतःच्याच खाचेत घेऊन वाढतात. स्वतःच्या नावाने मनिऑर्डर करायची आणि स्वतःच सही करून पैसे घ्यायचे! हा बनाव पुढे मेंदूतल्या गाठीतही आढळला.

इथे अँड्र्यू शॅली या गृहस्थाची ओळख करून द्यायला हवी. पोलंडमध्ये जन्मलेला, युद्धाने देशोधडीला लागलेला, पुढे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला स्थिरावलेला हा शास्त्रज्ञ २०२४ साली वारला. मेंदू आपल्या तळच्या ग्रंथीला जे हुकूम देतो ते कोणत्या पदार्थाचे, याचा शोध तो आणि त्याचा प्रतिस्पर्धी रोझे ग्यिलमँ हे दोघे वर्षानुवर्षे, एकमेकांवर दात ठेवून घेत होते. ग्यिलमँने पाचशे टन मेंढ्यांच्या मेंदूंतून पन्नास लाख तुकडे वेगळे काढून दळले, तेव्हा पहिल्या निरोपाचा एक मिलिग्रॅम हाती आला. आणि त्यात मणी निघाले तीन. शॅलीने डुकरांचे मेंदू वापरले. दोघांना १९७७ साली नोबेल मिळाले, तेही वाटून. कत्तलखान्याच्या दारात एवढी वर्षे उभे राहायला काय लागत असेल, याचा विचार मी वर्गात हा भाग शिकवताना दरवेळी करी.

शॅलीच्या शोधातून जे निघाले, ते मात्र आज लातूरच्या औषधाच्या दुकानातही मिळते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. त्या संप्रेरकाचा हुकूम मेंदूतून दहा मण्यांच्या एका माळेने निघतो. शॅलीच्या प्रयोगशाळेने १९७१ साली तिची रचना जाहीर केली. तो हुकूम सतत कानाशी ओरडून खाच बधिर करणारी औषधे आली. नंतर, २००८ साली, खाच सरळ अडवणारे डेगारेलिक्सही आले. त्यापूर्वी या रोगात वृषणे काढून टाकीत. आता महिन्याला, तीन महिन्यांला एक इंजेक्शन पुरते. तेव्हा पेप्टाइडचा निरोप अडवून कर्करोग आवरता येतो, हे स्वप्नरंजन नव्हे. हजारो म्हातारे त्यावर नातवंडांच्या मुंजी-लग्ने पाहत आहेत.

मग मेंदूत काय बिघडले?

शॅलीनेच १९९०नंतरच्या दशकात बॉम्बेसिनची खाच अडवणारे पदार्थ तयार करून उंदरांवर घातले. उंदरांना माणसाच्या मेंदूतल्या गाठीच्या पेशी टोचलेल्या होत्या. गाठींची वाढ मंदावली. त्यानंतर दुसरे निरोप सापडत गेले. वेदनेचा निरोप नेणारा सबस्टन्स पी नावाचा अकरा मण्यांचा पेप्टाइड आहे. त्याची खाच अडवणारी ॲप्रेपिटंट ही गोळी केमोथेरपीच्या उलट्या थांबवण्यासाठी २००३पासून वापरात आहे, आणि काचपात्रात ती या गाठीच्या पेशींनाही मारते. सर्वांत अचंबा वाटावा असे काम मिशेल मोंजे या डॉक्टरबाईंनी स्टॅनफर्डला केले. २०१५ साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की मेंदूतले निरोगी मज्जातंतू काम करताना न्यूरोलिजिन-३ नावाच्या प्रोटीनचा तुकडा बाहेर सोडतात, आणि गाठ तो खाऊन वाढते. दोन वर्षांनी त्यांनी हा पदार्थ मुळातच नसलेले उंदीर घेतले. त्यांच्या मेंदूत माणसाची गाठ लावली, तर ती महिनोन्‌महिने जागची हलेना. २०१९ साली तर गाठीच्या पेशी मज्जातंतूंशी सरळ जोडणी करून घेतात, असे उघडकीस आले. विजेच्या तारेवर आकडा टाकतात ना, तसे!

(म्हणून रुग्णाने विचार करू नये, वाचू-बोलू नये, असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये. मेंदू झोपेतही काम करीत असतो. आणि मुकाट बसवून ठेवलेल्या रुग्णाची गाठ थांबल्याचे कुणी पाहिलेले नाही.)

तर कात्रणातली बातमी या घराण्यातली. खरी, परंतु उंदराची. माणसावर काय झाले, ते कात्रणे सहसा छापत नाहीत, कारण त्यात मथळा होण्याजोगे काही नसते. सिलेंजिटाइड नावाचे औषध पाच मण्यांच्या कड्याचे, जर्मनीत घडवलेले. गाठीच्या पेशी आजूबाजूला धरून सरकण्यासाठी आणि नव्या रक्तवाहिन्या ओढून घेण्यासाठी ज्या मुठी वापरतात, त्या मुठीच हे औषध अडवते. उंदरांत छान, थोड्या रुग्णांत आशादायक. मग अनेक देशांतले ५४५ रुग्ण घेऊन, अर्ध्यांना नेहमीचे उपचार आणि अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत हे औषध, अशी मोठी परीक्षा झाली. २०१४ साली निकाल आला. जे रुग्ण औषधांना बरी साथ देतील अशी अपेक्षा होती, तेच या परीक्षेसाठी निवडले होते. त्यांतले निम्मे रुग्ण औषधाविना २६·३ महिने जगले, आणि औषधासह? २६·३ महिने! दशांशाचाही फरक नाही. रक्तदाबाची ती लोसार्टन गोळीसुद्धा फ्रान्समधल्या डॉक्टरांनी या रुग्णांवर वापरून पाहिली. मेंदूची सूज उतरावी, स्टेरॉइड कमी लागावे, एवढीच माफक अपेक्षा होती. २०१९ साली त्यांनी कळवले, की तेही साधले नाही.

असे का व्हावे? प्रोस्टेटला एकच धनी होता; त्याचा हुकूम तोडला की काम भागले. या गाठीला दहा सावकार. एकाने हात आखडला, तर ती दुसऱ्याच्या दारात उभी राहते. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक असा पक्का अस्तर असतो, की रक्तातले बहुतेक पदार्थ आत शिरूच शकत नाहीत. एरवी हा निसर्गाचा उपकार, इथे अपकार. पेप्टाइडची माळ तर रक्तात काही मिनिटांत तुटून जाते. आणि एक गोष्ट प्रयोगशाळांच्या अंगाशी आली, ती सांगितलीच पाहिजे. जगभरच्या उंदरांना ज्या पेशी टोचीत, त्यांतली यू-८७ ही जात सर्वांच्या आवडीची. स्वीडनमधल्या उप्साला येथे १९६०नंतरच्या दशकात एका रुग्णाच्या गाठीतून वाढवलेली. उप्सालात मूळ गाठीचे नमुने जपून ठेवलेले होते. २०१६ साली त्यांच्याशी ताडून पाहिले, तर सर्वत्र फिरणाऱ्या पेशी त्या रुग्णाच्या नव्हेतच! पेशी आहेत गाठीच्याच, पण दुसऱ्याच कुणा अनामिकाच्या. शिवाय वर्षानुवर्षे काचेत वाढलेल्या या पेशी उंदराच्या डोक्यात लिंबासारखी गोल, नीटस गाठ करतात. हरळीच्या काड्या टाकीत नाहीत. शत्रूची चाल माहीत नसलेल्या पैलवानाशी कुस्ती खेळून सराव केला, तर फडात काय होणार? पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात अंजली शिरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णाच्या गाठीतून आपल्या पेशींच्या जाती वाढवल्या आणि २००३ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. असे काम बातमीत येत नाही, पण पाया त्यानेच भरतो.

पत्रलेखकाने आणखी एक विचारले होते : 'आपल्याकडच्या कुणी असं काही अडवून माणूस वाचवलाय का?' वाचवलाय. आणि तो मराठवाड्याचाच आहे.

जालना जिल्ह्यातल्या देहेड या गावी १९५१ साली जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर नोकरीनिमित्त कोकणात महाडकडे गेले. तिथे तांबडा विंचू चावलेली माणसे, विशेषतः पोरे, त्यांच्यासमोर दगावत. आपल्याकडेही हा विंचू आहे. दगड उचलताना, कडब्याच्या गंजीत हात घालताना भेटतो. चावल्यावर घामाने अंथरूण भिजते, हातपाय गार पडतात, आणि नंतर तोंडाला गुलाबी फेस येतो. विंचवाचे विष म्हणजे पेप्टाइडांचाच काढा. ते मज्जातंतूंची दारे उघडी ठेवते. त्यामुळे शरीर ॲड्रेनलिनच्या जातीचे निरोप बेसुमार सोडू लागते, रक्तवाहिन्या करकचून आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी खाटेशेजारी बसून, रात्र-रात्र नोंदी घेऊन हा क्रम लिहून काढला. १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उपाय त्यांना सापडला तो रक्तदाबाच्या एका साध्या गोळीत : प्राझोसिन. ती त्या वादळी निरोपाची खाच अडवते. १९८६ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू एक-दोनांवर उतरले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

इथे निरोप अडवण्याने काम फत्ते झाले, कारण निरोप एक, वादळ दोन दिवसांचे, आणि औषध रक्तातून थेट जागेवर पोहोचणारे. मेंदूतल्या गाठीपाशी या तिन्ही गोष्टी उलट्या.

परंतु विंचवाची कथा एवढ्यावर संपत नाही. याच तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० साली अमेरिकेत सदतीस मण्यांचा एक पेप्टाइड वेगळा काढला गेला, आयबेरिओटॉक्सिन. पेशीच्या भिंतीत पोटॅशियम जाण्यासाठी एक विशिष्ट दार असते, तेवढेच तो बंद करतो. आणि ग्लिओमाच्या पेशींत हे दार नको तितक्या संख्येने असते. अरबस्तान-आफ्रिकेकडच्या पिवळ्या विंचवाच्या विषातला क्लोरोटॉक्सिन तर या गाठीच्या पेशींना जाऊन चिकटतो आणि शेजारच्या निरोगी मेंदूला सोडून देतो. अमेरिकेत अलाबामाच्या हॅराल्ड सॉन्थायमर यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली हे दाखवले. त्याला किरणोत्सारी आयोडिन बांधून अठरा रुग्णांच्या मेंदूत सोडून पाहिले. २००६ साली छापून आले, की रुग्णांनी ते सोसले. पुढे ते औषध बाजारात आले नाही. सिएटलच्या जिम ओल्सन या बालरोगतज्ज्ञाने २००७ साली क्लोरोटॉक्सिनला चकाकणारा रंग बांधला. हेतू असा, की शस्त्रक्रियेच्या वेळी हरळीची काडी सर्जनला डोळ्यांनी दिसावी. मला यात अधिक जीव दिसतो. निरोप अडवण्यापेक्षा निरोपाचा पत्ता वापरून गाठीच्या दारात खूण करणे किंवा औषध नेऊन ठेवणे, हा मार्ग अधिक दूर जाईल असे माझे मत आहे. ते मत आहे, भाकीत नव्हे.

आता दोन एकरांचे.

मी त्याला लिहिले, की आज या रोगावर जे सिद्ध झाले आहे, ते तुझ्या अण्णांना मिळालेले आहे : शस्त्रक्रिया, किरण आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ साली ५७३ रुग्णांच्या परीक्षेत केवळ किरणांवर निम्मे रुग्ण १२·१ महिने जगले, गोळ्या जोडल्यावर १४·६. अडीच महिन्यांचा फरक, ऐकायला क्षुल्लक. पण दोन वर्षांनी हयात असणारे शेकडा दहाचे सव्वीस झाले, आणि ते सव्वीस कोण हे आधी कुणाला सांगता येत नाही. या गोळ्या वेळेवर घेणे, त्यासाठी रक्त तपासत राहणे, फिट येऊ नये म्हणून दिलेले औषध न चुकवणे, यात पैसा घाल. सरकारी आरोग्य योजनेत किती बसते ते कागदपत्रे घेऊन विचार. जी योजना आज महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणवते, तिची सुरुवात २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत झाली त्यांत आपले नांदेड होते, लातूर पुढच्या वर्षी आले. दुसरे मत हवे असेल तर मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धर. तिथली गर्दी पाहून हबकू नकोस. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आपल्याकडचे कुणी ना कुणी भेटतेच, आणि कोणत्या खिडकीला किती वाजता उभे राहायचे ते डॉक्टरांपेक्षा तेच नीट सांगतात.

त्या गृहस्थाबद्दल लिहिले ते असे. औषध नवे आहे, माणसांवर अजून सिद्ध व्हायचे आहे, तर ते देण्याची जागा म्हणजे रीतसर परीक्षा. भारतात अशी प्रत्येक परीक्षा सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. १५ जून २००९पासून ती सक्तीची आहे. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. सोबत नीतिसमितीची मंजुरी असते, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली संमती असते, आणि ज्या औषधाची परीक्षा चालली आहे त्याचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत. तेव्हा एकच कर. फोन लाव, आणि नोंदणीचा क्रमांक विचार. क्रमांक मिळाला तर मला कळव, मी बसून शोधीन. जमिनीचा विचार त्यानंतर.

बारा-तेरा दिवसांनी त्याचे उत्तर आले. अण्णांच्या गोळ्यांची तिसरी फेरी सुरू झाली होती. उजव्या हाताची पकड थोडी कमी. सोयाबीन बरे आहे, पण पाऊस काढणीच्या वेळी येईल अशी धास्ती. आणि : 'सर, त्या माणसाला नंबर विचारला. त्याने फोन ठेवला. परत लावला तर उचलत नाही. याला उत्तर समजायचं का?'

समज, म्हणून कळवले आहे.